मागचा दिवा आणि एक लांब घंटी

झ्वार्टस्लाउस, १४ ऑक्टोबर

मारित बाळ,

तुझं पत्र पोचलं. रिक्स्तेने दोनदा वाचलं. एकदा मला, आणि मग "तुला नीट ऐकू आलं नसेल" असं म्हणून स्वतःला. माझी नणंद आहे ती. पन्नास वर्षं झाली, तिला माझ्या कानांचा संशय येतो आणि मला तिच्या डोळ्यांचा.

फोन का करत नाहीस म्हणतेस. फोनवर तू अर्धवट झोपेत "हो आजी, हो आजी" करतेस आणि तो हो खरा की खोटा हे कळायच्या आत ठेवून देतेस. पत्रात खोटं लिहायचं तर माणसाला कष्ट पडतात. ते कष्ट मला ऐकू येतात.

मुद्द्यावर येते. स्टेशनाच्या स्टँडवरून तुझ्या सायकलचा मागचा दिवा पुन्हा चोरीला गेला, वर पोलिसाने दंडही केला, आणि आता कुठला घेऊ म्हणून तू मला विचारतेस. आईला विचारलं नाहीस ते बरं केलंस. फुलांच्या लिलावात कामाला रात्रीचं जायचं, तेही कालव्याच्या बांधावरून एकटीने, हे तिला पहिल्यापासून खुपतंय. काही झालं तर नोकरी आणि खोली दोन्ही सोडून घरी येईन, असा शब्द तू तिला देऊन बसलीस. असा शब्द कुणी देतं का? पण दिलास. म्हणजे हा दिवा नुसता दिवा नाही. तुझं बिऱ्हाड त्याच्यावर उभं आहे.

आता मला का विचारलंस ते मला ठाऊक आहे. मी जन्मभर मालबोटीवर राहिले. शाळा बंदराबंदरात दोन-तीन दिवसांची. एखादं अक्षर ओळखीचं होतंय तोवर दोर सुटायचा. पण दिवे मला वाचता येतात. बोटीच्या मागे पांढरा दिवा असतो. लाल म्हणजे डावी कूस. तुम्ही जमिनीवरच्या लोकांनी लाल नेऊन मागे लावलात तेव्हाच मला तुमच्या अकलेचा संशय आला होता.

तर मी आणि रिक्स्ते दुकानात गेलो. माणसाने तीन दिवे काढले. एक रबराने अडकवायचा. एक डायनमोचा, चाक फिरलं की लागणारा. तिसरा स्क्रूने कॅरिअरला घट्ट बसवायचा.

"याला बटणच नाही, आजीबाई," तो म्हणाला. "अंधार झाला आणि सायकल हलली की आपला आपण लागतो. उजेड आला की विझतो. डोक्याला ताप नाही."

मी म्हटलं, "डोकं माझं, ताप मी बघेन. याला अंधार कळतो कसा?"

"त्याला डोळा आहे."

"आणि डोळ्यात कुसळ गेलं तर?"

तो हसला. हसणाऱ्या दुकानदाराचा मला फार संशय येतो. म्हटलं, तिन्ही दे, उद्या दोन परत करते.

मागच्या दिव्याची गोम अशी, की ज्याचा असतो त्याला तो कधीच दिसत नाही. म्हणून संध्याकाळी धक्क्यावर रिक्स्तेच्या चाकांच्या वॉकरला मागून दिवे बांधले, तिला पुढे पिटाळलं आणि मी बाकावर बसले. रबराचा चांगला दिसला, पण रिक्स्तेच्या हाताला सहज निघून आला. तिच्या आला तर चोराच्या का नाही येणार? डायनमोचा वॉकरला लागेचना, त्यामुळे त्याची परीक्षा राहिली. स्क्रूचा थेट कालव्यावरच्या जलकपाटापर्यंत दिसला. बादलीत बुडवला, तरी जळत होता. रिक्स्ते खाटकाच्या बायकोशी बोलायला थांबली, तरी विझला नाही, आणि रिक्स्ते एकदा थांबली की बराच वेळ थांबते.

(थंडीत मला वॉकरला जुंपून ही बाकावर खारट गोळ्या चघळत बसली होती, हेही लिहिते. — रिक्स्ते)

तोच पाठवतेय. जाड पिशवीत मोज्यांच्या जोडीत गुंडाळलाय. मोजेही वापर.

सांगते मी, लिहिते रिक्स्ते, आणि सहीही तीच करते. पेन माझ्या हातात ओल्या साबणासारखं सटकतं. मी त्याच्या नादी लागत नाही.

तुझी यिक्के आजी


आल्समीर, २३ ऑक्टोबर

प्रिय आजी, (आणि वाचणाऱ्या रिक्स्तेआजी,)

दिवा मिळाला, मोजेही. दिवा त्याच दिवशी बसवला. शेडमध्ये नेऊन सायकल हलवली, लगेच लागला. कामावर पोचल्यावर फाटकाशी उतरून बघितलं, तेव्हाही छान लाल जळत होता. कॅरिअरला असा बसलाय की चोराला अख्खी सायकल न्यावी लागेल.

इथे आता ट्यूलिप यायला लागतील. मी विजेच्या छोट्या गाडीने खटाऱ्यांची रांग ओढते, माझ्यामागे फुलांचे दहा खटारे, आणि सगळे मला घाबरून बाजूला होतात. मजा येते. आईला सांगू नकोस मजा येते म्हणून.

आणखी एक गोष्ट आईला सांगू नकोस. गेला आठवडाभर बांधावर माझ्या मागून कुणीतरी येतं. मोठं धूड आहे, अंगात लांब रेनकोट, टोपी नाकापर्यंत ओढलेली. बांधावर चढलं की थोड्या वेळाने मागे त्याचा पुढचा दिवा दिसतो. तो अंतर राखून येतो, पुढे जात नाही, आणि काचघरांपाशी आलं की घंटी वाजवायला लागतो. मी जोरात पॅडल मारते, तो मागे पडतो. बहुधा कुणी आमच्याच इथला असेल. घाबरायचं काही नाही. सहज लिहिलं.

दिवा मात्र फार सुंदर आहे. थँक्यू, आजी.

तुझी मारित


झ्वार्टस्लाउस, २८ ऑक्टोबर

मारित,

"सहज लिहिलं" म्हणे. सहज माणूस हवापाणी लिहितं.

रिक्स्ते म्हणते, पोलिसात जा. तिला पोलीस आवडतात, तरुणपणी एका पोलिसाने तिला टोपी काढून नमस्कार केला होता.

(त्याचा इथे काय संबंध? — रिक्स्ते)

मला आधी वाटलं, कुणी तुझ्यावर भाळलाय. पण भाळलेला माणूस दहा खटारे ओढणारी मुलगी कामाच्या ठिकाणी बघतो, अंधारात बांधावर येत नाही. मग वाटलं, दिवेचोर असेल. तुझे आधीचे दिवे त्यानेच नेले आणि आता हाही हेरतोय. पण चोर घंटी वाजवत येतो होय? मग वाटलं, तुला घाबरवून मजा घेणारा एखादा टवाळ असेल. हे मात्र मला अजून वाटतंय.

पाण्यावरचा नियम ऐक. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. पुढे जायचं असेल तर तसा भोंगा देऊन विचारायचं, आणि नसेल जायचं तर गप्प मागे राहायचं. जो पुढेही जात नाही आणि गप्पही बसत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं. माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

म्हणून विचारते, नीट उत्तर दे. घंटी कशी वाजवतो? तुटक तुटक की लांब? किती वेळा? नेमका कुठे? आणि तू वेग घेतलास की ओरडतो का? आणि हे पत्र आल्यावर रात्री एकदा थांबून त्याला पुढे जाऊ दे. खिशात सायकलचा पाना ठेव. पाना दाखवायचा नाही, फक्त खिशात आहे हे आपल्याला माहीत असावं.

यिक्के आजी


आल्समीर, ४ नोव्हेंबर

प्रिय आजी,

थांबले नाही. पाना ठेवला होता, पण थांबता आलं नाही गं. तो तसा मागे असताना पाय थांबत नाहीत.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. त्याच्या सायकलला जुनी गरगरणारी घंटी आहे. तो ती अंगठ्याने एकसारखी फिरवतो, एक लांब आवाज. मग गप्प. मग पुन्हा एक लांब. ओरडत नाही. नेहमी काचघरांपाशीच. रात्रभर रोपांवर दिवे लावलेले असतात तिथे. छतावर पडदे ओढतात, पण बाजूच्या काचेतून अख्खा बांध पिवळाधमक होतो. तिथे सुरू होतं आणि काचघरं संपली, पुन्हा अंधार झाला, की त्याची घंटीही थांबते. मी पोचते ते पुढच्या फाटकाने, तो कुठेतरी मागच्या बाजूला वळतो. तोंड अजून बघितलेलं नाही.

मला वाटतं उजेडात त्याला मी नीट दिसते म्हणून तिथेच वाजवतो. हे लिहिताना कसंतरी होतंय, म्हणून पुढे लिहीत नाही.

तुझा दिवा उत्तम चाललाय. फाटकाशी रोज बघते, रोज जळत असतो. खरंच सुंदर दिवा आहे. त्याची अजिबात काळजी करू नकोस.

तुझी मारित


झ्वार्टस्लाउस, ८ नोव्हेंबर

मारित,

रिक्स्तेने पत्र वाचून चष्मा काढला आणि म्हणाली, "वहिनी, हा माणूस वाईट आहे." मी म्हटलं, "वाटाण्याचं सूप ढवळ, खाली लागतंय." कारण मला विचार करायचा होता.

एक लांब.

पोरी, पाण्यावर एक तुटक म्हणजे मी उजवीकडे वळतो. दोन तुटक म्हणजे डावीकडे. एक लांब म्हणजे, लक्ष दे! बाकी काही नाही. "अहो, स्वतःकडे बघा जरा." कुणाचा दोर पाण्यात लोंबतोय, कुणाची फळी सुटलीय, कुणाचं पोर डेकवर एकटंच रांगतंय, तर मागचा एक लांब देतो. टवाळ पोरं घंटी तुटक वाजवतात, टिंग टिंग टिंग. लांब वाजवणाऱ्याला काही सांगायचं असतं.

आता तो काय सांगतोय? इथे आमची भांडणं आहेत. रिक्स्ते म्हणते, तुला मागे वळायला लावून तो गाठणार. असेलही. मी त्याला साधू म्हणत नाही. पण मला आता माणसापेक्षा दिव्याचा संशय यायला लागलाय. त्याचं कारण तू. पहिल्या पत्रात त्याची एकदा स्तुती केलीस, ती मी आशीर्वादासारखी घेतली. या पत्रात दोन ओळींत तीनदा. शेजारीण आपल्या सुनेला एका दमात तीनदा चांगली म्हणाली, की समजावं, घरात ताटं आपटली.

काय लपवतेस? दिव्याला काही झालंय का? माझ्याकडून आलाय म्हणून बोलत नाहीस का?

हे कर. काचघरांपाशी थांब. एका जागी, उजेडात. खाली उतर आणि स्वतःच्या मागे जाऊन बघ. पुढच्या फाटकाशी बघून काय उपयोग? बंदरात पोचल्यावर सगळ्यांचेच दिवे लागलेले असतात.

यिक्के आजी

(पाना खिशात ठेवच. — रिक्स्ते)


आल्समीर, २१ नोव्हेंबर

प्रिय आजी,

उशीर झाला. कामाची गर्दी आहे. सगळं ठीक. तो माणूस पुन्हा दिसला नाही. दिवा ठीक. थंडी पडलीय. रिक्स्तेआजीला नमस्कार.

मारित


झ्वार्टस्लाउस, २४ नोव्हेंबर

मारित,

तुझं पत्र रिक्स्तेने एका घोटात वाचलं आणि म्हणाली, "बघ, सगळं ठीक आहे, उगाच जीव खात होतीस." आणि ते फडताळात ठेवायला निघाली.

मी म्हटलं, "आण इकडे."

"तुला काय करायचंय? तुला वाचता येतं का?"

"वाचता येत नाही, बघता येतं. आण."

खिडकीशी नेलं. तुझी सगळी पत्रं मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते, तीही काढली आणि शेजारी मांडली. तुझी अक्षरं नेहमी वारा मागून असल्यासारखी पुढे झुकलेली असतात. या पत्रात एकूण एक अक्षर मागे रेललंय. ओळी उतरत उतरत कागदाच्या कडेशी पोचल्यात. आणि शाई पुसली गेलीय, जिथे लिहिणारा हात लिहिलेल्यावरूनच घसटत जातो तशी. आमच्या बोटीवर एक डावखुरा खलाशी होता, त्याच्या सामानाच्या चिठ्ठ्या अशाच काळ्या असायच्या.

हे पत्र तू डाव्या हाताने लिहिलंस. उजव्याला काय झालंय?

रिक्स्तेने चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि खुर्चीत बसली. तेव्हापासून ती मला एकही टोमणा मारत नाहीये, म्हणजे मामला गंभीर आहे. तुझ्या आईला मी फोन केलेला नाही. करणारही नाही, पण एका अटीवर. जे घडलं ते सगळं लिही. लिहिता येत नसेल तर माझ्यासारखं कर, सांग आणि कुणाकडून तरी लिहून घे. त्यात लाज कसली? मी जन्मभर करतेय.

आणि सुरुवात "सगळं ठीक"ने करू नकोस.

आजी


आल्समीर, २८ नोव्हेंबर

आजी,

हे मी सांगतेय आणि लिहितंय दुसरं कुणीतरी. कोण ते पुढे येईल.

मनगट मोडलंय. उजवं. प्लास्टर आहे. बाकी खरंच ठीक, खरवडलंय तेवढंच.

तुझं पत्र आलं होतं. काचघरांपाशी थांबायचं मी ठरवलंही होतं. पण त्या रात्री मागून पुन्हा ती घंटी सुरू झाली, आणि मी थांबायच्या ऐवजी आणखी जोरात सुटले. फुलांची एक व्हॅन मागून आली. तिचा आरसा माझ्या हँडलला लागला आणि मी सायकलसकट बांधाखाली, लव्हाळ्यात. पाण्यात नाही, काठाशीच. व्हॅनवाला थांबला, उतरून धावत आला. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मागे दिवाच नव्हता, मागे काहीच नव्हतं." मी खालून ओरडले, "दिवा आहे! माझ्या आजीने दिलाय!"

तेवढ्यात तो रेनकोट आला. आडवी सायकल घालून त्याने रस्ता अडवला, बांधावरून खाली उतरला, मला काखेतून धरून वर ओढलं. टोपी काढली. आजी, ती बाई आहे. आईच्या वयाची असेल. लिलावाच्या कँटीनमध्ये रात्रीचं काम करते, मागच्या बाजूने जाते. हार्मके तिचं नाव. आणि धापा टाकत ती पहिलं काय म्हणाली, तर, "मूर्ख मुली, मी आले की तू दिवा का मालवतेस?"

मी म्हटलं, "मी कुठे मालवते?"

"रोज मालवतेस! काचघरं आली, मी मागे आले, की तुझा दिवा गायब. पुढे अंधारात पुन्हा लावतेस. मला वाटायचं, मी मागून येऊ नये म्हणून लपतेयस. वळून बघशील, दिवा लावशील म्हणून मी घंटी वाजवतेय, तर तू आणखी पळतेस. माझे गुडघे बघ आणि तुझे बघ!"

(हे शब्द असेच होते. आणखीही होते, ते मी लिहीत नाही. — हार्मके)

मग आम्ही सायकल बघितली. दिवा विझलेला होता. व्हॅनवाल्याने आपल्या कोटाने तो झाकला, सायकल हलवली, लागला. कोट काढला, विझला. काचघरांचा उजेड त्याच्यावर पडत होता आणि त्याला वाटत होतं दिवस उजाडला. त्या पिवळ्या झगझगाटात चालकाचे डोळे दिपतात, रस्ता आणखी काळा दिसतो आणि नेमकी तिथेच मी बिनदिव्याची. शेडमध्ये अंधार, फाटकापाशी अंधार, म्हणून मला तो कायम जळतानाच दिसायचा.

आता तुला काय लपवलं ते. दोन आठवडे आधी एक व्हॅन अशीच अगदी जवळून गेली होती, खिडकीतून माणूस ओरडला होता, "दिवा लाव!" तेव्हा मला शंका आली होती. पण तू बादलीत बुडवून, रिक्स्तेआजीला धक्क्यावर फिरवून निवडलेला दिवा. तो वाईट आहे असं मला लिहवेना. म्हणून मी त्याची स्तुती करत बसले.

आईला अजून सांगितलेलं नाही. प्लास्टर निघेपर्यंत मी फुलांच्या यादीचं बसून काम करतेय, हार्मकेचा दीर गाडीने सोडतो. मग पुढे काय ते तू सांग. शब्द दिलाय, म्हणजे घरी जायला हवं का?

मारित

(मुलगी चांगली आहे, पण वेगात जाते. तुमच्याकडे वाटाण्याचं सूप कसं करतात ते कळवा, आमच्याकडे पातळ होतं. — हार्मके)


झ्वार्टस्लाउस, ३ डिसेंबर

मारित, आणि हार्मके,

दोघींना एकच पत्र. लपवाछपवीला आता जागा ठेवायची नाही.

आधी दिव्याचं. मी दुकानात गेले. तोच हसरा माणूस. म्हटलं, "तुझा दिवा रात्रीला दिवस समजतो." तो म्हणाला, "आजीबाई, असं आजवर कुणी सांगितलं नाही." म्हटलं, "कसं सांगतील? पुढे पिटाळून मागून बघायला त्यांच्याकडे नणंद आहे का?" तो हसायचा थांबला. आता त्याच्यावर माझा थोडा विश्वास बसलाय.

चूक दिव्याची कमी आणि माझी जास्त. अंधाऱ्या धक्क्यावर परीक्षा घेतली आणि पिवळ्या बांधावर पाठवला. पण मी रडत बसणार नाही, आणि तूही माझ्या मनाला लागेल म्हणून कधी दिव्याची स्तुती करायची नाही. माझ्या मनाला फार काही लागत नाही, ते डांबर लावलेलं आहे. तुझं मनगट मात्र हाडाचं आहे.

नवा दिवा डायनमोचा. डायनमो चाकाच्या मधोमध बसतो, तार सगळी दांड्याच्या आतून, तुटायला बाहेर काही नाही. चाक फिरलं की जळतो. सायकल उभी राहिली तरी साठवलेल्या विजेवर जळत राहतो, आम्ही घड्याळाकडे न बघता रिक्स्तेला बोलू दिलं. अंधार असो, उजेड असो, त्याला स्वतःचं मत नाही. मागच्या दिव्याला मत नसावं. या वेळी वॉकर नाही, दुकानाची सायकल घेतली, दुकानदाराला बसवलं आणि पेट्रोल पंपाच्या झगझगीत दिव्यांखालून फिरवलं. मी मागून बघितलं. जळत होता. मग त्याला शाळेसमोरून, पुलावरून, आणि एकदा माझ्या समाधानासाठी पुन्हा पंपाखालून फिरवलं.

(चौथ्यांदा तो स्वतःच "अजून एक चक्कर मारू का" म्हणाला. — रिक्स्ते)

पण दिवा कितीही चांगला असला तरी आपला आपल्याला दिसत नाही, हे काही बदलत नाही. म्हणून बोटी रात्री एकट्या जात नसत. मागच्याने पुढच्याचा दिवा बघायचा, गेला की एक लांब द्यायचा, आणि पुढच्याने पळायचं नाही. थांबायचं. एवढं मी तुला शिकवायला हवं होतं. बोट विकली, घर घेतलं, आणि वाटलं की जमिनीवर याची गरज नाही.

हार्मके, तू पाण्यावरची आहेस ना? जमिनीवरचं कुणी एक लांब देत नाही. कुठल्या घराण्यातली ते कळव. त्या मोठ्या हिवाळ्यात आम्ही सगळे बर्फात अडकलो होतो तेव्हा शेजारच्या बोटीने माझी बिडाची कढई नेली ती आजतागायत आली नाही. तुझ्या आईची असेल ती बोट, तर सूप पातळ का होतं हे मला कळलं. कढई माझी आणि हात तिचा. वाटाणे रात्री भिजवू नकोस, तसेच टाक आणि डुकराची तंगडी लवकर काढू नकोस.

घरी जायचं का, म्हणून विचारलंस, मारित. "काही झालं तर येईन" असा तुझा शब्द. मग झालंय ते आईला तूच सांग, या रविवारी, फोनवर, पूर्ण जागी असताना. ती ओरडेल. ओरडू दे. ओरडून झालं की सांग, नवा दिवा आहे आणि मागे हार्मके आहे. मग ती मला फोन करेल आणि माझ्यावर ओरडेल. तेव्हा काय बोलायचं ते रिक्स्तेने आणि मी ठरवून ठेवलंय. आम्ही म्हणणार, मुलगी नोकरी सोडणार नाही. आणि ते अशा बेताने, की तुझ्या आईला वाटेल आपणच तसं ठरवलं. ते माझ्यावर सोड.

पुडक्यात सेंट निकोलसच्या सणाची तुमच्या नावांची चॉकलेटची अक्षरं आहेत. मला आवडलेली अक्षरं जगात तेवढीच. कोणतं कुणाचं ते रिक्स्तेने वरती लिहिलंय. आणि दिवे दोन आहेत, एक नाही. मारित, प्लास्टर निघालं की दुसरा हार्मकेच्या सायकलला बसव. ती रोज तुझा दिवा बघते. तिचा कोण बघतं, हे तुम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलेलं नाही. तेव्हापासून एक रात्र ती मागे, एक रात्र तू. तिच्या गुडघ्यांच्या वेगाने.

आता शेवटचं. सगळं लिहून झाल्यावर मी रिक्स्तेला म्हटलं, सही तू करू नकोस. पेन दे. ती म्हणाली, "तू काय लिहिणार?" म्हटलं, "जे मला येतं ते."

खाली आडवी रेघ आहे ना, ती माझी आहे. एक लांब.

————————————————————

(रेघ खरंच तिनेच ओढली. पेन दाबून धरलं, कागद फाटला, रेघ टेबलक्लॉथवर उतरली आणि पार कडेपर्यंत गेली. टेबलक्लॉथ मी धुतलेला नाही. — रिक्स्ते)